सावलीचा इतिहास: लंडनचा प्लेन ट्री आणि काळेवाडीचा रेन ट्री

बसमध्ये असाल, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये असाल, नाहीतर काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला अडकला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. सिग्नलला थांबताना आपण सगळे एक गोष्ट न ठरवता करतो, माहितीये? झेब्रा क्रॉसिंग अजून वीस-पंचवीस फूट लांब असतं, पण गाड्या आधीच थांबतात, कारण तिथे झाडाची सावली असते. एप्रिल-मेमध्ये नीट बघा. आज त्या सावलीचा इतिहास सांगतो.

सुरुवात माझ्या गल्लीतून करतो. काळेवाडीत आमच्या बिल्डिंगसमोर एक रेन ट्री आहे. मराठीत त्याला पर्जन्यवृक्ष किंवा विलायती शिरीष म्हणतात, पण आमच्याकडे सगळे 'ते मोठं झाड' एवढंच म्हणतात. त्याच्याखाली चहाची टपरी आहे, इस्त्रीवाला आहे आणि दुपारी दोन-तीन रिक्षावाले डुलक्या काढत असतात. आई लग्न होऊन १९९६ साली इथे आली, तेव्हा हे झाड दुमजली घराएवढं होतं म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी झाडाच्या खोडावर कागद लावलेला दिसला. झाड काढण्यासाठी अर्ज आलाय, कुणाची हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस. अर्ज केला होता आमच्याच बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांनी. माझं डोकं फिरलं. तावातावाने त्यांच्याकडे गेलो. काकांनी शांतपणे मला बाहेर नेलं आणि त्यांची स्कूटर दाखवली. वळवाच्या पावसात फांदी पडून तिचं हँडल पार वाकलं होतं. म्हणाले, "अरे, त्याच्या पाच मिनिटं आधी माझी नात तिथे खेळत होती. तू सांग, मी काय करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचा दादा चाकणच्या एका कंपनीत आहे. ट्रेनिंगसाठी तो लंडनला जाऊन आलाय. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. चार-पाच मजली उंच झाडं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, खाली बस चालल्यात. म्हणाला, "हे हायब्रिड झाड आहे. धूर, धूळ, काँक्रीट, काही करा, मरत नाही. आपल्याकडे हेच लावायला पाहिजे." सगळ्यांना पटलं. हायब्रिड म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी भारी असणार. ज्वारी हायब्रिड, टोमॅटो हायब्रिड, आता झाडपण हायब्रिड!

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि पुढचे काही आठवडे वाचतच राहिलो. हा भाग त्यातून तयार झालाय.

दोन खंडांतली दोन झाडं

त्या झाडाचं नाव लंडन प्लेन. त्याची गोष्ट भन्नाट आहे, कारण ते कुणी ठरवून बनवलेलं नाही.

काश्मीरला गेला असाल तर चिनार पाहिला असेल. शरद ऋतूत लालबुंद होतो तो. चिनार म्हणजे ओरिएंटल प्लेन. त्याचं मूळ घर युरोपच्या आग्नेय टोकापासून इराणपर्यंत. याच झाडाचा एक चुलतभाऊ अटलांटिक महासागराच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेत नदीकाठी वाढतो. तिकडे त्याला सिकॅमोर म्हणतात. या दोघांमध्ये लाखो वर्षांचं अंतर आणि अख्खा महासागर. त्यांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना जगभरातली झाडं जमवायचा नाद लागला. जॉन ट्रॅडेस्कंट नावाचे बाप-लेक लंडनमध्ये माळी होते. त्यातला मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियाला जाऊन आला आणि १६३० च्या दशकात अमेरिकन प्लेन इंग्लंडमध्ये पोचलं. पूर्वेकडचं प्लेन युरोपच्या बागांमध्ये आधीच होतं. मग कुठल्यातरी बागेत वाऱ्याने एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर नेले. ती बाग लंडनची, ऑक्सफर्डची की स्पेनमधली, यावर अजून वाद आहेत. पण जे झाड उगवलं ते आईबापांपेक्षा दणकट निघालं.

लोकांनी ते लावलं, पण हा संकर आहे हे फार नंतर लक्षात आलं. ऑगस्टिन हेन्री या आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञाने बिया पेरून, रोपांची पानं ताडून पाहिली. एकाच झाडाच्या बियांमधून काही रोपं आजोबांवर गेलेली, काही आजीवर. संकराची हीच खूण. १९१९ साली त्याने लंडन प्लेनचा इतिहासच लिहून काढला. म्हणजे अडीचशे वर्षं लोक ज्याच्या सावलीत बसले, त्याचे आईबाप कोण हे त्यांना पक्कं माहीत नव्हतं.

इंग्लंडमधल्या ईली गावात बिशपच्या वाड्यात १६८० च्या सुमाराला लावलेलं एक लंडन प्लेन आहे. लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधली झाडं १७८९ सालची. तिकडे फ्रेंच राज्यक्रांती, इकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे, आणि लंडनमध्ये कुणीतरी ही रोपं लावत होतं. ती आजही उभी आहेत.

धूर खाणारं झाड

मग हे झाड रस्त्यावरच का आलं? उत्तर आहे कोळसा.

एकोणिसाव्या शतकातलं लंडन म्हणजे घरात कोळसा, कारखान्यात कोळसा, रेल्वेत कोळसा. हवा काळी. बहुतेक झाडं गुदमरायची. लंडन प्लेनची साल मात्र कागदाच्या पापुद्र्यासारखी सोलून पडते आणि खालून नवी, पिवळट-हिरवी साल निघते. पानं गुळगुळीत असल्याने पावसात काजळी धुऊन जाते. मुळं दाबलेल्या, घट्ट मातीतही तग धरतात. आणि कितीही छाटा, पुन्हा फुटतं.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण झाली की पार्लमेंटमध्ये बसवेना. लंडनचा इतिहास शिकवताना त्याला 'महादुर्गंधी' म्हणतात. मग जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने नवी ड्रेनेज व्यवस्था उभी केली. त्याचा एक भाग म्हणून नदीकाठी व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा रस्ता बांधला. तो १८७० साली खुला झाला. रस्त्याखाली सांडपाण्याचा मोठा बोगदा, त्याच्या शेजारी भुयारी रेल्वे, आणि वर दोन्ही बाजूंना लंडन प्लेनच्या रांगा.

नीट ऐका हं, ड्रेनेज, रेल्वे, रस्ता आणि झाडं एकाच आराखड्यात. झाडाला जागा ठेवून रस्ता बांधला.

मी हे वाचत होतो तेव्हा आमच्या गल्लीत केबलसाठी खोदकाम चालू होतं. आधी रस्ता झाला, मग ड्रेनेजसाठी फोडला, मग पाण्याची लाइन, मग गॅस, आता केबल. दर वेळी रेन ट्रीची मुळं तुटली. शेवटी काँक्रीट आलं, ते थेट खोडाला भिडवलेलं. झाडाच्या गळ्यात सिमेंटचा पट्टा आवळल्यासारखा. काकांच्या स्कूटरवर फांदी का पडली, याचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. एका बाजूची मुळं तोडलेलं, पाणी न मिळणारं झाड वरच्या फांद्या वाळवतं, आणि वाळलेली फांदी वादळाची वाटच बघत असते.

इकडे चालेल का?

आता दादाचा प्रश्न. लंडन प्लेन काळेवाडीत लावता येईल का?

माझं उत्तर: नको. हे झाड थंड हिवाळ्याचं आहे. पानगळ करून, झोपून, वसंतात उठायचं, असा त्याचा दिनक्रम. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस, मग आठ महिने जवळजवळ कोरडे, आणि एप्रिलमध्ये चाळिशीचा पारा. त्याला इथे आणून जगवण्यात काही अर्थ नाही.

आणि खरं सांगायचं तर, जे काम लंडनमध्ये ते झाड करतं, ते काम आपल्याकडे करणारं झाड आधीच आलेलं आहे. तेही परदेशातूनच आलंय आणि आमच्या बिल्डिंगसमोर उभं आहे. रेन ट्री हायब्रिड नाही, पण शहरात टिकण्याच्या बाबतीत लंडन प्लेनच्या तोडीस तोड.

रेन ट्रीचं माहेर मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. १८०० साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ व्हेनेझुएलात फिरत होता. त्याला दुरून एक टेकडी दिसली. जवळ गेल्यावर कळलं, टेकडी नाही, झाड आहे! खोड नऊ फूट जाडीचं, आणि फांद्यांच्या छत्रीचा परीघ त्याने नोंदवला ५७६ फूट. हुम्बोल्टने आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीये. त्या झाडाची एक फांदी एका शेतकऱ्याने तोडली म्हणून जमिनीच्या मालकाने त्याच्यावर खटला भरला, आणि कोर्टाने शेतकऱ्याला दोषी ठरवलं. दोनशे वर्षांपूर्वी, एका फांदीसाठी!

तिथून हे झाड एकोणिसाव्या शतकात आशियात आलं. सिंगापूरला पोचलं १८७६ साली. श्रीलंका, भारत, मलाया, सगळीकडे इंग्रजांच्या रस्त्यांवर आणि बागांमध्ये पसरलं. आज सिंगापूरच्या विमानतळावरून शहरात जाताना रस्त्यावर जी हिरवी कमान दिसते, ती मुख्यतः याच झाडाची.

नावामागे एक भानगड आहे. दक्षिण अमेरिकेत लोक म्हणायचे, या झाडाखाली कोरड्या दिवशीही पाऊस पडतो. रिचर्ड स्प्रूस नावाच्या संशोधकाने पेरूमध्ये जाऊन वर निरखून पाहिलं. तो पाऊस म्हणजे फांद्यांवर बसलेल्या रसशोषक किड्यांनी टाकलेले थेंब होते! सॉरी, पण पर्जन्यवृक्षाचा एक 'पर्जन्य' हा आहे.

दुसरं कारण जास्त सुंदर आहे. या झाडाची पानं संध्याकाळी मिटतात आणि ढग दाटून आले तरी मिटतात. त्यामुळे पावसाचं पाणी खालच्या जमिनीपर्यंत पोचतं. मलेशियात त्याला 'पाच वाजताचं झाड' म्हणतात. आज संध्याकाळी कामावरून येताना मान वर करून बघा. दिवसा भरगच्च दिसणारं झाड सातला विरळ दिसेल. म्हणजे दुपारी सावली धरतं आणि रात्री उष्णता वर जायला वाट मोकळी करतं. आपल्या हवेला याहून चांगलं काय पाहिजे?

सुमो आणि सावली

आता आपल्या शहराकडे येऊ. कारण माझा खरा मुद्दा इथे आहे.

पिंपरी-चिंचवड हे झाडांचं शहर म्हणून वसलं नाही. ते कारखान्यांसाठी वाढलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्याच्या या बाजूला आली. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका.

टेल्कोचे प्रमुख होते सुमंत मुळगावकर. टाटा सुमो गाडी माहितीये ना? सु-मो. सुमंत मुळगावकर. गाडीचं नाव त्यांच्यावरून पडलंय. या माणसाने कारखाना उभारताना एक गोष्ट केली जी तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटली असेल. आधी झाडं लावली. उघडं, दगडाळ माळरान होतं. तिथे हजारो झाडं लावून घेतली, तळं तयार करून घेतलं. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात आणि तिथे पक्षी येतात. ट्रक बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात!

हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीतून कधी गेला असाल तर तिथली झाडी आठवा. मोरवाडीच्या सिग्नलवरून आत वळलं की हवाच बदलते. कॉलनी आखताना रस्ता रुंद ठेवला होता, मध्ये माती ठेवली होती.

आणि आता पवना नदी ओलांडून काळेवाडीत या. पिंपरीचा पूल संपला की सावली संपते. का? कारण काळेवाडी कुणी आखली नाही. शेतं होती, गाव होतं. त्या कारखान्यांमध्ये काम करायला महाराष्ट्रभरातून माणसं आली. बीड, लातूर, सोलापूर, जळगाव, कोकण, आणि पुढे यूपी-बिहार. त्यांना कंपनीच्या कॉलनीत जागा मिळाली नाही. त्यांनी गुंठा, अर्धा गुंठा घेतला. माझ्या बाबांनीपण तेच केलं. अर्ध्या गुंठ्यात घर बांधणारा माणूस एक इंच सोडत नाही, आणि सोडू शकतही नाही. गल्ल्या अरुंद राहिल्या. झाडाला जागा ठेवायची तर ती कुणाच्या गुंठ्यातून?

म्हणजे मंडळी, सावली हीसुद्धा एक मालमत्ता आहे. ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. ज्यांनी आठ तास उन्हात, भट्टीजवळ, शॉप फ्लोअरवर काम केलं, तेच संध्याकाळी तापलेल्या पत्र्याखाली झोपले. म्हणून आमच्या गल्लीतल्या त्या एका झाडाचं मोल कॉलनीतल्या शंभरातल्या एका झाडासारखं नाही. आमच्याकडे ते एकच आहे.

एकाच झाडाच्या प्रेमात पडू नका

इथपर्यंत वाचून मला वाटलं, ठरलं तर मग. काळेवाडीभर रेन ट्री लावा! पण इतिहास इथे चपराक मारतो.

फ्रान्सच्या दक्षिणेला कानाल द्यु मिदी नावाचा सुंदर कालवा आहे. १८३० च्या दशकात त्याच्या काठावर प्लेनची झाडं लावली. सुमारे ४२,००० झाडं! त्या रांगांसाठी जगभरातून पर्यटक यायचे. २००६ साली तिथे एक बुरशीजन्य रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांमधून ती बुरशी युरोपात आली, असं मानतात. औषध नाही. एका झाडाची मुळं दुसऱ्याच्या मुळांना भिडलेली, त्यामुळे रोग रांगेतून पुढे सरकत जातो. तेव्हापासून हजारो झाडं तोडून जाळावी लागली.

लांबचं वाटतंय? मुंबईत या. २०१० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरचे शेकडो रेन ट्री उभे वाळले. त्यांच्यावर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, पडला होता. त्यात भर मुळांभोवतीच्या काँक्रीटची. ज्या रस्त्यावर फक्त रेन ट्री होते, तो रस्ता एकदम बोडका झाला.

आता एक खराखुरा हायब्रिड, तोही आपल्या नात्यातला. हाँगकाँगच्या झेंड्यावर पाच पाकळ्यांचं पांढरं फूल आहे ना? ते कांचनाचं फूल आहे. साधारण १८८० च्या सुमाराला एका फ्रेंच मिशनऱ्याला हाँगकाँगमध्ये समुद्रकिनाऱ्याजवळ हे झाड सापडलं. पुढे कळलं की ते देवकांचन आणि रक्तकांचन या दोघांचा संकर आहे. हे दोन्ही आपल्याकडे ओळखीचे. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली बाजारात जी मोठी पानं विकतात, ती बरेचदा कांचनाचीच असतात! या संकराला बी धरत नाही. म्हणजे जगात जिथे जिथे तो आहे, तिथे तो फांदी कापून, कलम करून नेलेला. एकाच झाडाच्या नकला. गुलाबी-जांभळी फुलं येतात, शेंगांचा कचरा नाही, रस्त्याला छान. पण ज्या रोगाला एक बळी पडेल, त्याला सगळेच.

फ्रँक सँटामूर नावाचे एक अमेरिकन संशोधक होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्ष उद्यानात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी अमेरिकन प्लेन आणि चिनार यांचा पुन्हा ठरवून संकर केला आणि १९८४ मध्ये रोगाला तोंड देणारे दोन नवे वाण आणले: कोलंबिया आणि लिबर्टी. म्हणजे दणकट हायब्रिड बनवणारा माणूस. याच माणसाने १९९० मध्ये एक नियम सांगितला. शहरात एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची २० टक्क्यांहून जास्त नकोत, आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नकोत. ज्याच्या हातात सगळ्यात मजबूत झाड होतं, तोच म्हणाला की एकाच झाडावर विसंबू नका.

मी वही घेऊन आमच्या गल्लीपासून पाचपीर चौकापर्यंत चालत गेलो. रेन ट्री, गुलमोहर, पेल्टोफोरम म्हणजे तो पिवळ्या फुलांचा सोनमोहर, कांचन, सुबाभूळ, करंज, बहावा. निम्म्याहून जास्त झाडं मला एकाच कुळातली दिसली. शेंगावाल्या कुळातली! आपण समजतो विविधता आहे, कारण फुलांचे रंग वेगळे. कुळ एकच.

नोटिशीचं काय झालं?

आता शेवट सांगतो.

महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. नोटीस लागते आणि कुणालाही हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. आणि झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. आमचं झाड अजून पन्नाशीला पोचलेलं नाही. समजा ते ३५ वर्षांचं आहे, तर ३५ रोपं. पण काळेवाडीत ३५ रोपं लावायला जागा कुठाय? ती लागणार कुठल्यातरी टेकडीवर. कागदावर हिशोब बरोबर, पण चहाच्या टपरीवरची सावली काही परत येत नाही.

२०११ मध्ये चीनच्या नानजिंग शहरात मेट्रोसाठी प्लेनची जुनी झाडं हलवायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी झाडांना हिरव्या फिती बांधल्या. कामाला थांबावं लागलं, आराखडा बदलला. मला वाटलं आपणपण तसंच काहीतरी करू. पण काकांच्या नातीचा विचार मनातून जाईना. फित बांधली तरी वाळलेली फांदी वाळलेलीच राहणार.

म्हणून मी हरकतीचं पत्र लिहिलं, आणि लिहिताना काकांना शेजारी बसवलं. पत्रात दोन गोष्टी मागितल्या. एक, वाळलेल्या आणि घरांवर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी शास्त्रशुद्ध छाटाव्यात. दोन, खोडाभोवतीचं काँक्रीट काढावं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या एका प्रकरणात सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी असली पाहिजे. काका म्हणाले, "एवढं झालं तर मला झाड नकोय असं नाही रे." पहिली सही त्यांचीच.

पाहणी झाली. झाडाचा बुंधा पोकळ नाही, झाड झुकलेलं नाही, फक्त छाटणी करावी, असं ठरलं. छाटणी झाली. काँक्रीट फोडायला मात्र कुणी येईना, तेव्हा विचारून-सवरून आम्हीच एका रविवारी छिन्नी-हातोडा घेतला. दादाने कंपनीतून दोन मित्र आणले. एका मीटरला साडेतीन तास लागले. खाली माती पांढरी पडलेली, विटांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. तीन घमेली शेणखत टाकलं. टपरीवाले मामा आता कप विसळलेलं पाणी तिकडेच ओततात.

गल्लीच्या टोकाला ट्रान्सफॉर्मरजवळ तीन खड्ड्यांची जागा निघाली. मला आधी करंज लावायचा होता, मग लक्षात आलं तोही शेंगावालाच. म्हणून एक बकुळ, एक तामण आणि एक कडुनिंब लावलाय. तिन्ही वेगळ्या कुळांतली. तामण तर आपलं राज्यफूल. बकुळीची वाढ सावकाश आहे. ट्री गार्डवर आम्ही तीन घरांची पाण्याची पाळी लिहून ठेवलीये, आणि मंगळवार काकांच्या नातीचा आहे.

यंदाचा पहिला वळीव पडला तेव्हा मी खिडकीत उभा होतो. रेन ट्रीने पानं मिटून घेतली होती. काका खाली उभे राहून वर बघत होते. स्कूटर मात्र त्यांनी समोरच्या बाजूला लावली होती. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्यासाठी आज एकच काम. तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या झाडापाशी जा आणि खोडापासून काँक्रीट किती लांब आहे ते वितीने मोजा. चार विती भरल्या नाहीत, म्हणजे मीटरसुद्धा मोकळा नसेल, तर झाडाचं नाव आणि आकडा मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते सगळे आकडे वाचून दाखवीन.

भेटू पुढच्या भागात. तोवर सावलीत राहा, आणि सिग्नलला झाडाखाली थांबलात तर एकदा वर बघा. काळजी घ्या!